सगळं खापर रोबेस्पिअरच्या डोक्यावर का फुटतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्रेंच राज्यक्रांतीत १७८९ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिणारी माणसं चार वर्षांत एकमेकांची मुंडकी उडवायला कशी लागली? रोबेस्पिअरने क्रांती बिघडवली का? आणि मिराबो, लाफाएत, ब्रिसो, दांतों, मारा या गर्दीत कोण कुठल्या बाजूचा, हे लक्षात कसं ठेवायचं?

पदवीच्या वर्गांना युरोपचा इतिहास शिकवून मला सत्तावीस वर्षं झाली. पेपर तपासायला बसलं की गठ्ठ्यात एक वाक्य हमखास भेटतं: ‘रोबेस्पिअर हा रक्तपिपासू हुकूमशहा होता.’ उत्तरसूचीतही साधारण तेच असतं, त्यामुळे गुण द्यावे लागतात. पण ते वाक्य ज्यांनी पहिल्यांदा रुजवलं त्यांचेच हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले होते, हे मुलांना कोणी सांगत नाही. त्यावर शेवटी येतो.

(नावांबद्दल एक गोष्ट. आपल्या पुस्तकांत डॅन्टन, मॅराट अशी इंग्रजी वळणाची रूपं असतात. मी फ्रेंच उच्चाराच्या जवळ जाऊन दांतों, मारा लिहितो. माणसं तीच.)

माझं उत्तर एका तारखेभोवती फिरतं, आणि ती १४ जुलै, म्हणजे बास्तिय हा किल्ला-तुरुंग पडला तो दिवस, नाही. ती आहे २० एप्रिल १७९२. त्या दिवशी पॅरिसमध्ये विधानसभा भरली होती ती राजवाड्याशेजारच्या घोडेस्वारी शिकवायच्या जुन्या इमारतीत. लांबट, अरुंद सभागृह. काँदोर्से नावाचा गणितज्ञ सभासद शिक्षणावरचा अहवाल वाचत होता: मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना सरकारी खर्चाने शिक्षण. वाचन मध्येच थांबवावं लागलं, कारण सोळावा लुई सभागृहात आला. नव्या राज्यघटनेप्रमाणे युद्धाचा प्रस्ताव राजाने मांडायचा आणि निर्णय सभेने करायचा, असा नियम होता. लुईने ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारण्याचा प्रस्ताव मांडला. संध्याकाळच्या बैठकीत तो मंजूर झाला. विरोधात दहा जणसुद्धा नव्हते. काँदोर्सेने आपला अहवाल दुसऱ्या दिवशी पुरा केला, पण तोवर शाळांचं कोणाला पडलं होतं?

पाच दिवसांनी, २५ एप्रिलला, एका वाटमाऱ्यावर गिलोटिन पहिल्यांदा चाललं. हा निव्वळ योगायोग. यंत्र युद्धासाठी बनलेलंच नव्हतं. सरदाराला तलवारीने आणि गरिबाला फासावर किंवा चाकावर हाल करून मारायची जुनी पद्धत बंद व्हावी, मरण तरी सगळ्यांना सारखं यावं, या भूमिकेतून ते आलं होतं. तरी या दोन तारखा मी वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. त्यांच्यामधली जागा पुढच्या दोन वर्षांनी भरून काढली.

आता जरा मागे जाऊ, पण भराभर, कारण हा भाग तुम्ही वाचलेला असणार. राजा दिवाळखोर झाला होता. १७८८ च्या अंदाजपत्रकात निम्मा खर्च कर्जाचं व्याज आणि हप्ते यांत जात होता. राणीच्या उधळपट्टीच्या गोष्टी रंगवून सांगतात, पण अख्ख्या दरबाराचा खर्च सहा टक्क्यांच्या आसपास होता. खरा खड्डा पाडला तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांविरुद्ध ओतलेल्या पैशाने. त्यात १७८८ च्या जुलैत गारपीट झाली, पीक गेलं. मजुराच्या घरातला मुख्य आधार म्हणजे चार पौंडी पाव. एरवी तो आठ-नऊ सूला (सू हे तेव्हाचं किरकोळ नाणं) मिळायचा. १७८९ च्या जुलैत पॅरिसमध्ये त्याला साडेचौदा सू पडत होते आणि मजुराची दिवसाची कमाई होती वीस ते तीस सू. बास्तिय पडला तेव्हा आत सातच कैदी होते. लोक कैदी सोडवायला नव्हे, दारूगोळ्यासाठी गेले होते.

या पहिल्या टप्प्याचे नायक वेगळे आहेत. ‘तिसरा वर्ग (म्हणजे धर्मगुरू आणि सरदार सोडून बाकीची सगळी जनता) म्हणजे काय?’ हा प्रश्न पुस्तिकेच्या मथळ्यातच विचारून ‘सर्व काही’ असं उत्तर देणारा सियेस, जो स्वतः धर्मगुरू होता. २० जून १७८९ ला टेनिस कोर्टावर, घटना होईपर्यंत पांगायचं नाही, अशी शपथ प्रतिनिधींना देणारा बाय्यी, हा खगोलशास्त्रज्ञ. अमेरिकेत लढून आलेला देखणा लाफाएत. आणि वक्त्यांचा वक्ता मिराबो, जो सरदार असून तिसऱ्या वर्गातून निवडून आला होता. मिराबो एप्रिल १७९१ मध्ये गेला, त्याला पाँतेओंमध्ये, म्हणजे राष्ट्राच्या थोर माणसांच्या समाधिस्थळात, वाजतगाजत पुरलं. दीड वर्षाने राजवाड्याच्या भिंतीत एक लोखंडी कपाट सापडलं. आतल्या कागदांवरून कळलं की हा गडी राजाकडून गुपचूप पैसे घेऊन सल्ले देत होता. मग त्याला तिथून बाहेर काढलं. या सगळ्यांना राजा हवा होता, फक्त कायद्याच्या चौकटीत बसणारा.

राजानेच ती चौकट मोडली. २० जून १७९१ च्या रात्री तो वेश पालटून सहकुटुंब पळाला आणि सरहद्दीच्या अलीकडे वारेन गावात पकडला गेला. त्या दिवसापासून राजाच्या शब्दावर विश्वास ठेवायला फ्रान्समध्ये फार थोडे लोक उरले. तरी घटना त्याच्याच नावाने लागू केली. हे म्हणजे दरवाजा मोडलेला असताना कुलूप बदलणं.

आता माझी युक्ती सांगतो. नावं पाठ करत बसू नका. प्रत्येक माणसाला एकच प्रश्न विचारा: १७९१-९२ च्या हिवाळ्यात तू युद्धाच्या बाजूने होतास की विरोधात, आणि का?

राजा बाजूने, कारण फ्रान्स हरेल आणि मेव्हण्यांच्या फौजा आपल्याला पुन्हा गादीवर बसवतील असा त्याचा हिशेब. राणी मारी आंत्वानेतने तर युद्धाच्या योजना ऑस्ट्रियाला कळवल्या, तिचं माहेरच ते. लाफाएत बाजूने, कारण जिंकलेल्या सेनापतीला पॅरिसमध्ये शिस्त लावता येते. युद्ध सुरू झाल्यावर चारच महिन्यांत त्याचा डाव फसला आणि ऑगस्टमध्ये तो स्वतःच सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियनांच्या कैदेत गेला. आणि सगळ्यात मोठ्या आवाजात बाजूने होता ब्रिसो. त्याच्या गटाला पुढे जिराँदँ म्हणू लागले, आपल्याकडे जिरोंडिस्ट. ब्रिसो दुष्ट माणूस नव्हता. गुलामगिरीविरुद्ध फ्रान्समधली पहिली संस्था १७८८ मध्ये त्यानेच काढली. त्याला खरंच वाटत होतं की फ्रेंच शिपाई पलीकडे गेले की जनता हार घालून स्वागत करील. राजा आतून फितूर आहे हे युद्धात उघडं पडेल, हाही त्याचा हिशेब होता. ‘आपल्याला मोठ्या फितुरींची गरज आहे’, असं तो भर सभेत म्हणाला. फितुरी झाली, भरपूर झाली, पण त्या संशयाच्या आगीत शेवटी ब्रिसोच होरपळला.

विरोधात कोण? अगदी मूठभर. पत्रकार मारा, आणि आरासचा एक बारीक चणीचा, नीटनेटका, चष्मा लावणारा वकील, माक्सिमिलियां रोबेस्पिअर. तो तेव्हा विधानसभेत नव्हताच. आधीच्या सभेतल्या कोणीही पुढच्या सभेत निवडून येऊ नये, हा नियम त्यानेच मांडून मंजूर करून घेतला होता, स्वतःसकट. म्हणून तो जाकोबँ क्लब या क्रांतिकारकांच्या राजकीय मंडळात बोलला. २ जानेवारी १७९२ चं त्याचं वाक्य मी मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावतो: ‘सशस्त्र धर्मप्रचारक कोणालाच आवडत नाहीत.’ युद्ध झालं तर सेनापती डोक्यावर बसतील, हेही तो बजावत होता. सात वर्षांनी नेपोलियन आला.

याच माणसाने मे १७९१ मध्ये फाशीची शिक्षा रद्द करा म्हणून भाषण केलं होतं. पैसेवाल्यांनाच मताधिकार देण्याला त्याचा विरोध होता, ज्यूंना आणि नटांना नागरिकत्व द्यायला पाठिंबा होता. राष्ट्रीय रक्षक दलाच्या गणवेशावर ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हे शब्द शिवा, ही सूचना १७९० च्या अखेरीस त्याचीच. (हे तीन शब्द आपल्या उद्देशिकेत आहेत म्हणून बाबासाहेबांनी ते फ्रेंचांकडून घेतले, असं परीक्षेत लिहू नका. १९५४ च्या रेडिओवरच्या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितलंय की आपण ते फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेले नाहीत, बुद्धाच्या शिकवणीतून घेतले आहेत.)

मग हा माणूस दोन वर्षांत गिलोटिन चालवण्यापर्यंत कसा पोचला?

युद्ध पहिल्या आठवड्यातच फसलं. अर्ध्याहून जास्त अधिकारी आधीच देश सोडून गेले होते. लीलजवळ सैनिक शत्रू दिसताच पळाले आणि ‘फितूर, फितूर’ ओरडत त्यांनी स्वतःच्याच सेनापतीला, दियोंला, ठार केलं. तारीख २९ एप्रिल, म्हणजे युद्ध पुकारून नऊ दिवस. जुलैअखेर शत्रूच्या सरसेनापतीचा जाहीरनामा आला: राजाच्या केसाला धक्का लागला तर पॅरिस बेचिराख करू. राजाला वाचवायला काढलेल्या त्या कागदानेच राजा बुडाला. १० ऑगस्टला जमाव राजवाड्यात शिरला, राजेशाही संपली आणि विधानसभेच्या जागी नवी संसद निवडायचं ठरलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला प्रशियन फौज पॅरिसच्या दिशेने येत असताना तुरुंग फोडून हजार-बाराशे कैद्यांना कापून काढलं. त्यात राजकीय कैदी कमी, भुरटे चोर आणि वेश्याच जास्त होत्या. कारण काय, तर आपण आघाडीवर गेल्यावर हे मागून बायकापोरांवर तुटून पडतील ही अफवा.

इथे दांतों येतो. तेव्हाचा न्यायमंत्री. धिप्पाड, देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा, खाण्यापिण्याचा शौकीन, पैशाच्या बाबतीत हात मोकळा. रोबेस्पिअर दुप्ले नावाच्या सुताराच्या घरी भाड्याच्या खोलीत राहायचा आणि दांतोंची मालमत्ता कुठून वाढते हे कोणाला कळत नव्हतं. पण संकटाच्या घडीला उभा राहिला तो दांतों. ‘धाडस, आणखी धाडस, सतत धाडस’ हे त्याचं २ सप्टेंबरचं भाषण, आणि त्याच दुपारी तुरुंगातल्या कत्तली सुरू झाल्या. त्याने त्या घडवल्या नाहीत, पण थांबवायला बोटही उचललं नाही. पुढे मार्च १७९३ मध्ये क्रांतिकारी न्यायासन हवं म्हणून तोच उभा राहिला आणि त्याचं कारण त्याने याच कत्तलींतून काढलं: ‘आपण भयंकर होऊया, म्हणजे जनतेला भयंकर व्हावं लागणार नाही.’ १७९३-९४ च्या ज्या काळाला ‘दहशतीची राजवट’ म्हणतात, तिचं सगळं तर्कशास्त्र मला या एका वाक्यात दिसतं. सूड होणारच आहे, तर तो रस्त्यावर होण्यापेक्षा सरकारी शिक्का मारून झालेला बरा. माणसाला पटेल असं वाक्य आहे, म्हणूनच ते भयंकर आहे.

जानेवारी १७९३ मध्ये राजाला मारलं. मग इंग्लंड आणि स्पेनशीही युद्ध. तीन लाखांची सैन्यभरती काढली तर पश्चिमेकडे वाँदेतले शेतकरी बंडाला उठले. एप्रिलमध्ये सेनापती द्युमुरिए शत्रूला मिळाला आणि तो जिराँदँचा माणूस मानला जायचा. जूनच्या सुरुवातीला पॅरिसच्या सशस्त्र गर्दीने संसदेला वेढा घालून जिराँदँ नेत्यांना बाहेर काढायला लावलं. जुलैत काँवरून आलेल्या शार्लोत कोर्दे या तरुणीने अंघोळीच्या टबात बसलेल्या माराला भोसकलं. क्रांतीच्या सरकारने काढलेल्या कागदी नोटेची किंमत पडत पडत ऑगस्टमध्ये मूळच्या पाव हिश्शाच्याही खाली गेली होती. प्रत्यक्ष सरकार चालवणाऱ्या, संसदेच्या लोकरक्षण समितीत रोबेस्पिअर आला तो या सगळ्यानंतर, २७ जुलै १७९३ ला. समिती एप्रिलपासून होती आणि तिच्या पहिल्या यादीत नाव होतं दांतोंचं.

म्हणजे युद्ध, न्यायासन, समिती, संशयाचं वातावरण, हे सगळं त्याच्या आधी तयार होतं. तो निर्दोष होता असं मी म्हणत नाही. त्याने ते यंत्र चालवलं, त्याला तत्त्वज्ञान दिलं आणि १० जून १७९४ च्या कायद्याने तर आरोपीचा वकीलही काढून घेतला. त्यानंतरच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये सुमारे १,४०० माणसं मारली गेली. पण त्या यंत्रणेने काही करून दाखवलं, हेही उत्तरात यायला हवं. धान्याला आणि गरजेच्या वस्तूंना कमाल भाव ठरवले, सगळ्या देशाची सक्तीची सैन्यभरती केली, नोट वर्षअखेरीला अर्ध्या किमतीच्या जवळ वर आणली, ४ फेब्रुवारी १७९४ ला वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली आणि जूनमध्ये फ्लेरूसची लढाई जिंकून सरहद्द सुरक्षित केली.

आकडेही पाहा. सुनावणी होऊन मृत्युदंड झाले साधारण १७,०००. त्यांत पॅरिसचा वाटा सोळा टक्क्यांच्या आसपास, पश्चिमेकडच्या बंडाच्या पट्ट्याचा निम्म्याहून जास्त. आणि मारलेल्यांत सरदार किती? दहातला एकसुद्धा नाही. बहुतेक शेतकरी, कारागीर, मजूर. दहशत ही बऱ्याच अंशी यादवी युद्धाची पिछाडी होती. चित्रपटात मात्र गाडीत नेहमी रेशमी कपड्यांतली माणसं दिसतात.

स्त्रियांचं काय, असं वर्गात मुली विचारतात, आणि बरोबर विचारतात. ओलँप द गूज हिने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. त्यातलं दहावं कलम सांगतं: स्त्रीला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे. पहिला हक्क तिला ३ नोव्हेंबर १७९३ ला मिळाला. त्याच्या चारच दिवस आधी बायकांचे राजकीय क्लब बंद करण्यात आले होते. या बाबतीत रोबेस्पिअर, दांतों आणि त्यांचे शत्रू यांच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

दांतोंचा शेवट हा या सगळ्यातला मला सगळ्यात झोंबणारा भाग. १७९३ च्या अखेरीस तो आणि कामिय देमुलँ म्हणू लागले की आता पुरे, तुरुंग उघडा. देमुलँ हा रोबेस्पिअरचा शाळासोबती. त्याच्या लग्नात रोबेस्पिअर साक्षीदार होता. सुरुवातीला रोबेस्पिअरने त्यांना वाचवायचा प्रयत्न केला. मग एक आर्थिक भानगड उघडी पडली, हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या गुंडाळणीची. कागदात फेरफार करणारा दांतोंच्याच गोतावळ्यातला निघाला. आणि मग रोबेस्पिअरने मन घट्ट केलं. आरोपपत्र वाचलं समितीतल्या त्याच्या तरुण सहकाऱ्याने, सँ-ज्युस्तने, पण त्यासाठीची टिपणं रोबेस्पिअरच्या हातची आहेत. ती टिपणं शिल्लक आहेत. त्यांत पुराव्यापेक्षा आठवणीच जास्त: अमुक वेळी हा हसला, तमुक वेळी गप्प बसला, ‘सद्गुण’ या शब्दाची चेष्टा केली. मित्राच्या विरोधात मित्राने काढलेली अशी जुनी उणीदुणी वाचताना अंगावर काटा येतो. सुनावणीत दांतोंचा आवाज खिडकीबाहेर ऐकू जात होता, म्हणून संसदेकडून हुकूम आणून त्याचं तोंड बंद केलं. ५ एप्रिल १७९४ ला दोघे गेले. आठ दिवसांनी देमुलँची बायको ल्युसीलही गेली.

या घडीला रोबेस्पिअरला वाचवायला कोणी उरलं नाही. आणि फ्लेरूसनंतर दहशतीचं कारणच संपलं होतं. शत्रू मागे हटला, मग ही गाडी रोज कोणासाठी चालते?

२६ जुलैला तो संसदेत दोन तास बोलला. अजून फितूर आहेत म्हणाला, पण नावं घेतली नाहीत. ही त्याची घोडचूक. ज्याला ज्याला धास्ती होती त्या प्रत्येकाने ते स्वतःवर घेतलं. त्यांत पुढे होते संसदेचे प्रतिनिधी म्हणून प्रांतांत जाऊन धुमाकूळ घालून परतलेले लोक: लियोंमध्ये तोफा डागून शेकडो कैद्यांना मारणारे फूशे आणि कोलो देर्ब्वा, बोर्दोतला तालियां. फूशेला रोबेस्पिअरने जाब विचारला होता. दुसऱ्या दिवशी संसदेत रोबेस्पिअरला बोलूच दिलं नाही. रात्री तो नगरभवनात होता, पॅरिसमधल्या आपल्या वस्तीतल्या लोकांना मदतीला बोलावणारा कागद समोर होता. त्यावर त्याच्या सहीची दोनच अक्षरं आहेत, ‘रो’. तो कागद पॅरिसच्या संग्रहालयात आहे. सही अर्धी का राहिली यावर इतिहासकार अजून वाद घालतात. कोणी म्हणतात सैनिक आत शिरले, कोणी म्हणतात कायदा मोडायला हात धजला नाही. मध्यरात्रीनंतर तो सापडला जबडा गोळीने फुटलेल्या अवस्थेत. २८ जुलैच्या संध्याकाळी एकवीस साथीदारांसह संपला. दुसऱ्या दिवशी आणखी सत्तरेक जण.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येतो. जिंकलेल्यांपुढे अडचण होती की दहशतीच्या कागदांवर त्यांच्याही सह्या होत्या. बारेर, कार्नो, बियो, कोलो, समितीतल्या या सगळ्यांच्या. मग सोयीचा मार्ग निघाला: एकटा राक्षस होता, आम्ही त्याला घाबरून होतो. नांतमध्ये माणसं बोटीत भरून नदीत बुडवणाऱ्या कार्रिएला डिसेंबरमध्ये मारलं, बियो आणि कोलोची दक्षिण अमेरिकेतल्या गियाना वसाहतीत रवानगी केली, की झाला हिशेब चुकता. कार्नो मात्र ‘विजयाचा संघटक’ म्हणून सन्मानाने मिरवला.

तर पेपरमध्ये रोबेस्पिअरबद्दल लिहाल तेव्हा जानेवारी १७९२ चं भाषण आणि जून १७९४ चा कायदा दोन्ही लिहा, मध्ये युद्ध लिहा. परीक्षक माझ्यासारखा असेल तर दोन गुण जास्तच देईल. आणि कोणी विचारलं की या सगळ्यात तगलं कोण, तर फूशेचं नाव सांगा. लुईच्या मृत्युदंडाला मत दिलं, लियोंमध्ये तोफा चालवल्या, रोबेस्पिअरला पाडलं, नेपोलियनचा पोलीसमंत्री झाला, सरदारकी मिळवली, आणि १८१५ मध्ये त्याच लुईच्या भावाचा, अठराव्या लुईचा, पुन्हा पोलीसमंत्री. राजाला मारायला मत देणाऱ्यांना हद्दपार करायचा कायदा १८१६ मध्ये आला तेव्हा कुठे त्याला फ्रान्सची दारं बंद झाली. १८२० मध्ये त्रिएस्तला तो अंथरुणात मेला, गडगंज श्रीमंत.